केळ्यांची चड्डी

"चड्डेर गोव्याक जातलंस? जा. मंगेश तुका पुढे बसवचो नाय, मागे बर्फात घालतलो, बांगड्यांवांगडा!" आई म्हणाली आणि चुलीतलं लाकूड असं आत ढकललं की ठिणग्या माझ्या पायावर आल्या.

"मगे माझी पँट दी."

"घातलंस ती काय आसा?"

"ही चड्डी आसा, आये!"

"चड्डी कशी? खिसो आसा. बटण आसा. होमस्टेर मुंबयची माणसा हीच घालून जेवूक बसतत, हीच घालून समुद्रार जातत, बायकोवांगडा फोटो काढतत. त्यांका कोण काय बोलता?"

"ती पावणी आसत. मी कामार लागाक जातंय."

"कोण म्हणता तू जातंस?"

शेजारच्या खोपीतून कुणीतरी खोकलं. खोकलं म्हणजे हसलं. सकाळपासून आमचं हेच चाललं होतं आणि सगळी वाडी ऐकत होती. ऐकणारच. गावपळणीत भिंती नसतात.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्या गावात तीन-चार वर्षांनी एकदा देवाचा कौल होतो आणि सगळा गाव घरंदारं बंद करून वेशीबाहेर जातो. माणसं, गुरं, कुत्री, कोंबड्या, पाळण्यातली पोरं, सगळे. तीन दिवस गावात चूल पेटत नाही, दिवा लागत नाही, कुणी पाऊल टाकत नाही. गाव देवाचा. आपण बाहेर, माडाच्या चुडतांच्या आणि ताडपत्रीच्या खोपी बांधून राहायचं. तीन दिवस झाले की परत कौल. देव हो म्हणाला तर घरी, नाही म्हणाला तर अजून बाहेर. लोकांना ही मजा वाटते. कोंबडी शिजते, भजनं होतात, शाळासुद्धा आंब्याखाली भरते. मास्तरांनी मला लांबून बघितलं आणि पोरांना काहीतरी सांगितलं. पोरं वळून माझ्या चड्डीकडे बघायला लागली. काय सांगितलं असेल ते मला माहीत आहे. शाळा सोडली की असं होतं.

तर माझी अडचण अशी. मी वेशीबाहेर होतो आणि माझी पँट गावात होती.

बरं, नुसती असती तर चाललं असतं. ती दिसत होती. आमचं घर व्हाळाच्या, म्हणजे ओढ्याच्या, काठचं, गावातलं शेवटचं. व्हाळ हीच वेस. अलीकडे आमच्या खोपी, पलीकडे आमच्या घरापुढचं खळं, आणि खळ्यात वलणीवर माझी निळी जीन्स वाळत घातलेली. कालपासून ती तिथं लटकत होती. वाऱ्याने झोके घ्यायची. जेवायला बसलो की समोर, तोंड धुवायला गेलो की समोर.

निघायच्या सकाळी आई म्हणाली, "जीन्स ओली आसा, आता ही घाल, ट्रॅक पँट पिशवेत घातलंय." मी सामान उचलत होतो, मला काय, घातली. दुपारी इथं येऊन पिशवी उघडली तर आत ट्रॅक पँट नाही. आत दोन बॉक्सर. एक चौकड्यांची, एक लाल, तिच्यावर बदाम. आणि अंगात ही, पिवळ्या केळ्यांची. चौकड्यांची त्यातल्या त्यात माणसात बसण्यासारखी होती. ती मी लगेच घातली आणि चुडतं बांधायला खोपीवर चढलो तर मागून टर्रकन फाटली. परत केळी.

या चड्ड्या माझ्या नाहीत हेही सांगून टाकतो. आई देवबागला एका होमस्टेमध्ये साफसफाई करते, चादरी धुते. पर्यटक जातात तेव्हा बाथरूमच्या खुंटीवर चड्डी विसरून जातात. दर हंगामाला. चार्जर विसरला तर लोक फोन करतात. चड्डीसाठी कोण फोन करणार? आई वर्षभर ठेवते, मग उकळत्या पाण्यात टाकते, उन्हात घालते आणि माझ्या कपाटात. चांगल्या कंपनीच्या असतात, खोटं कशाला बोलू. काहींवर तर लेबल तसंच असतं. पण मी आजवर एक चड्डी स्वतः निवडलेली नाही. सगळ्या कुणीतरी मागे टाकून गेलेल्या.

आणि आईच्या डोक्यात पक्कं बसलं आहे की ही चड्डी नाही, ही हाफ पँट. कारण शहरातली शिकलेली माणसं तिच्यासमोर हीच घालून फिरतात.

"माका सांग," मी म्हटलं, "मिस्त्रीसमोर ही केळी घालून उभो रवलंय तर तो माझ्या हातात पानो देतलो काय फणी?"

"फणी दिल्यान तर बरा. केस बघ तुझे."

असली उत्तरं देते. माझं टाळकं सटकतं.

मिस्त्री म्हणजे गोव्यातल्या बेतूलचा मिस्त्री. बोटींच्या मशीनी दुरुस्त करतो. वाडीतल्या विनीतच्या बापाच्या होडीचं मशीन बंद पडलं होतं तेव्हा इथे आला होता. मी बाजूला बसून बघत होतो, आणि तो नको तिथं हात घालत होता. मी म्हटलं, कार्बोरेटरमध्ये पाणी गेलंय. त्याने माझ्याकडे बघितलं, उघडलं. पाणी. मग जाताना म्हणाला, पोर पायजे मला, येतो का? राहणं-जेवणं माझ्याकडे. मी तिथंच हो म्हटलं. मला इथं काय आहे? सकाळी उठून जेटीवर बसायचं, कुणी हाक मारली तर जाळं ओढायचं, नाही मारली तर भांडायचं. पण मिस्त्रीने परवा फोन केला, की शनिवारपर्यंत आलास तर तू, नाहीतर माझ्या मेव्हण्याचा मुलगा बसून आहे.

आज शनिवार. मंगेश आमच्याच वाडीचा, पिकअपमधून गोव्याला मासळी नेतो. आज चारच्या सुमारास तो खोपींच्या पुढच्या रस्त्याने जाणार. त्याला मी फोन केला, येताना एक पँट घेऊन ये म्हटलं.

"मेल्या, माझा घर पण गावातच बंद आसा," तो म्हणाला. "गाडयेत एकच पँट, ती माझ्या अंगार. ती तुका देवन मी काय उघडो बसान गाडी चालवू? चड्डी तर चड्डी. ये. मी थांबाचंय नाय हां, हॉर्न मारतलंय. बर्फ वितळता."

मग मी विनीतकडे गेलो. विनीत माझा दोस्त, पहिलीपासून एका बाकावर. तो जाड आहे, त्याच्या पँटीच्या एका पायात मी मावतो, पण कमरेला सुतळी बांधली असती. विनीत खोपीत आडवा पडून मोबाईल बघत होता.

"ही केळी खंयची रे? वेलची काय राजेळी?"

"पँट दी."

"घडातली दोन काढून दी, मगे पँट देतंय."

मी त्याच्या पोटावर गुडघा ठेवला. मग तो सरळ झाला.

"दिली असती रे. पण तुझी आवस काल सांजवेळी सगळ्या खोपींनी फिरली. मितेशाक कोणी पँट देव नकात. माझ्या आवशीक गळ्याची शपथ घातल्यान. आता मी दिलंय आणि आमची म्हातारी मेली तर?"

"तुझी आवस म्हातारी खंय आसा?"

"म्हणान तर. जवान मरतली."

मी बाहेर आलो. म्हणजे चुकून नाही. जीन्स ओली वगैरे काही नाही. ठरवून केलं होतं तिने. सगळ्या वाडीने मिळून मला एका चड्डीत कोंडलं होतं आणि सगळे गोड तोंडाने म्हणत होते, मितेश, चाय घेतलंस काय रे? रस्ता समोर मोकळा. पहारा नाही, कुलूप नाही, आणि मला हलता येत नाही. तुम्ही म्हणाल, एवढं काय, चड्डीवर जा. जाऊन बघा तुम्ही. कामाच्या पहिल्या दिवशी, अनोळखी गावात, दहा मिस्त्री-खलाशांसमोर केळी घालून. त्या दिवशी जे नाव पडेल ते मरेपर्यंत राहील. आमच्याकडे एकाला लग्नात उलटा शर्ट घातला म्हणून अजून 'उलटो' म्हणतात. त्याला नातवंडं आहेत.

त्यात तो व्हिडिओवाला आला. गावपळण आली की हे येतातच, काठीला मोबाईल लावून. केस रंगवलेले, पाठीला बॅग. आमच्या खोपीबाहेर आजो बसला होता. आजो म्हणजे माझ्या बापाचा बाप, गंगाराम. त्याच्या अंगात नेहमीची पट्ट्यापट्ट्यांची नाड्याची चड्डी, गुडघ्यापर्यंत, वर काही नाही. तो देवळात पण तशीच घालून जातो, बाजारात पण तशीच. त्याला कोण हसत नाही. नाडा लोंबत असला तरी नाही.

व्हिडिओवाला खाली वाकला. "आजोबा, ही इथली पारंपरिक वेशभूषा का?"

"नाय ओ," आजो म्हणाला. "कुडाळच्या बाजारातली. नाडो तेवढो घरचो."

तो खूश. मग त्याने मोबाईल माझ्याकडे फिरवला. "आणि ही नवीन पिढी... अरे!" तो थांबला. "भाऊ, सेम! माझ्याकडे अगदी सेम पीस होता. केळीवाला. दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात देवबागला आलो होतो ना, तिथंच कुठेतरी..."

मी त्याच्या मोबाईलवर हात ठेवला. "शूटिंग बंद."

"अरे, गंमत करतोय..."

"बंद म्हटला मा!"

तो गेला. जाताना दोनदा वळून बघितलं त्याने, माझ्या तोंडाकडे नाही. माझ्या कानांतून वाफ निघत होती. त्याचीच असेल, नसेल, मला काय माहीत? पण मला वाटलं, आता इथल्या इथं काढून याच्या हातात द्यावी. दिली असती तर मी काय घातलं असतं? बदाम.

तेव्हाच ठरवलं. व्हाळ पार करायचा.

हे किती मोठं आहे ते बाहेरच्यांना कळणार नाही. पळणीत गावात शिरलं तर देव रागावतो, कौल उजवा पडत नाही, सगळ्या गावाला बाहेर थांबावं लागतं. लहानपणापासून हेच ऐकलं. एकदा म्हणे कुणीतरी विसरलेली विळी आणायला गेला आणि त्याची जीभ आत गेली. कुणाची ते कोण सांगत नाही. मी देव मानतो का? माहीत नाही. पण जीभ आत जाऊ नये असं वाटतं.

दुपारी जेवणं झाली. कोंबडीच्या सागोतीच्या जेवणानंतर सगळी वाडी आडवी. आई पण खोपीत तोंड फिरवून बसलेली, मांडीत काहीतरी घेऊन मान खाली. तिच्याकडे बघितलंच नाही मी. मागच्या बाजूने काजींतून, काजूच्या झाडांतून, उतरलो आणि व्हाळाच्या काठावर आलो. काठाला मानकऱ्यांनी नारळ ठेवलेला, त्याला गुलाल. त्याला लागू नये म्हणून जरा वरच्या अंगाने पाण्यात शिरलो. पाणी गुडघ्याएवढं, मग मांड्यांपर्यंत. केळी भिजली.

मध्यावर आलो आणि मला तो आवाज आला, म्हणजे नाही आला. गावातून काहीच येत नव्हतं. कुत्रं नाही, कोंबडी नाही, पंप नाही, कुणाचा टीव्ही नाही. मी आपलं घर इतकं गप्प कधी बघितलं नव्हतं. दरवाजाला कडी, कडीला आंब्याची डहाळी. खळ्यात पानं पडलेली, कोण झाडणार? आणि माझी जीन्स. इतक्या जवळून तिचा खिशावरचा तेलाचा डागही दिसत होता.

मग दिसलं ते.

आई कपड्यांना चिमटे लावते. होमस्टेची सवय. एका कपड्याला दोन चिमटे, कडा जुळवून, चादर असो की फडकं. माझ्या जीन्सला एकही चिमटा नव्हता. जीन्स उलटी, डोकं खाली, आणि दोन्ही पाय दोरीवरून फिरवून आवळलेले. एका पायाची एक गाठ, दुसऱ्याची दुसरी. होडी बांधतात तशा. असं कुणी कपडे वाळत घालत नाही. असं वाळतच नाही, गाठीत ओल राहते, कुजतं. ती वाळायला घातलेली नव्हती. ती बांधून ठेवलेली होती.

"थांबलंस कित्याक? जा."

मी दचकून आडवाच होणार होतो. आजो काठावर उभा. काठी एका हातात, नाडा दुसऱ्यात.

"जा, आण," तो म्हणाला. "माझी नजर काय चांगली नाय. माका काय दिसला नाय."

"आणि देव?"

"देव काय तुझ्या पँटीक धरून बसलोहा? तेका दुसरी कामा नायत? मानकऱ्यांका मी बघतंय. जा."

मी हललो नाही. "तिना गाठी मारल्यान," मी म्हटलं. "बघ. गाठी."

आजोला दिसलं असेल नसेल. तो काठावर खाली बसला, पाय पाण्यात सोडले.

"गेल्या पळणीक तू ल्हान होतंस," तो म्हणाला.

ल्हान कसला, तेरा वर्षांचा होतो. सगळं आठवतं. गेल्या गावपळणीत, दुसऱ्या दिवशी, बाबा इथूनच गेला. विडी घेऊन येतो म्हणाला. रस्त्यावर चढला. नंतर कुणीतरी सांगितलं की कणकवली स्टेशनवर दिसला. तो शेवटचा. गावपळण संपली, सगळा गाव परत आत गेला, बाबा अजून पळतोच आहे. माणसाला घर सोडायचं असेल तर यापेक्षा सोपी वेळ नाही. सगळेच घराबाहेर, सगळ्यांच्याच हातात पिशवी. कुणाला कळणार?

"ता माका म्हायत आसा," मी म्हटलं.

"ह्या म्हायत नाय तुका. निघायच्या सकाळी तुझ्या बापसान वलणीवरचे कपडे काढल्यान. सोताहून. तुझी आवस केवढी खूश झाली! माका म्हणता, मामांनू, बघा, तुमच्या झिलान जन्मात पयल्यांदा कपडे काढून घडये केल्यान." आजो पाण्यात थुंकला. "तिका काय म्हायत? तीन दिवसांनी घरात गेली तेव्हा दिसला. घडये केलेले आपल्याच कपड्यांचे. ते पिशवेत घालून घेवन गेललो. तिचे आणि तुझे कपडे तसेच खाटलेर टाकलेले, बोळे करून."

मी पाण्यात उभा. पायाखालची वाळू सरकत होती.

"तेव्हापासून असा आसा तिचा," आजो म्हणाला. "तिका वाटता, ज्याचो कपडो वलणीर आसा, तो घराक येता."

"येडी आसा ती."

"आसा."

मला एकदम सगळं आठवायला लागलं, आणि राग आला, कारण मी स्वतःला डोळस समजतो. माझं काही ना काही कायम वलणीवर असायचं. आषाढात, बाहेर मुसळधार, पडवीतल्या दोरीवर माझं एक बनियन, आंबूस वास मारणारं. मी काढलं की ती दुसरं काहीतरी टाकायची. टॉवेल, मोजा, शाळेचा फाटका शर्ट. मी ओरडायचो, बुरशी येता आये, काढ मा! ती म्हणायची, सुकाक नाय अजून. चार वर्षं माझं काहीतरी सुकतच होतं. जेटीवर जरा उशीर झाला आणि घरी आलो की ती खळ्यात वलणीखाली उभी असायची. मला वाटायचं, कपडे काढायला आली आहे.

"जातंस काय येतंस?" आजो म्हणाला. "माझे पाय गारठले."

आठ-दहा पावलं होती फक्त. गाठी सोडायला किती वेळ लागला असता? मी जीन्सकडे बघितलं, ती उलटी लोंबत होती, रिकामे खिसे बाहेर आलेले. मग मी वळलो. दया आली वगैरे नाही. माझं डोकं फिरलं होतं. मला तिच्याशी भांडायचं होतं, ओल्या चड्डीने, आत्ताच्या आत्ता.

ती खोपीबाहेर टोप घासत बसली होती.

"मी बाबा नाय," मी म्हटलं.

"मी खंय म्हटलंय?"

"वलणीर बांधून घातलंस माका."

"सुकाक नव्हती ती."

"दोन गाठी मारलंस, आये."

तिचा हात थांबला. मग परत चालू झाला. "वारो आसता व्हाळार."

"चिमटे खंय गेले?"

राखेने टोप घासत राहिली, घासून झालेला टोप. शेजारच्या खोपीत खोकणं पण बंद झालं. मी म्हटलं, "मिस्त्रीन बोलवल्यान माका. बापसाक कोणी बोलवक नव्हता, तो आपणहून गेलो. मी सांगान जातंय. तुझ्या समोर, दिवसाढवळ्या. खंय जातंय ता तुका म्हायत आसा. फोन आसा माझ्याकडे."

"तेच्याकडे पण होतो."

मी चड्डीचा काठ धरून पाणी पिळलं.

तिने टोप उपडा घातला. माझ्या चड्डीकडे बघितलं, पाणी अजून गळत होतं. व्हाळात कोण गेलं होतं, कुठपर्यंत, सगळं तिला त्या पाण्यावरूनच कळलं असणार. ओरडेल असं वाटलं. ती उठली, खोपीत गेली, आणि चौकड्यांची चड्डी घेऊन आली. दुपारी मांडीत घेऊन बसली होती ती हीच. मागची फाट शिवलेली, टाके एवढे बारीक की मशीनवर घातल्यासारखे, आणि वर मोठं ठिगळ. ठिगळ पट्ट्यापट्ट्यांचं. आजोच्या जुन्या चड्डीचं.

"ही घाल," ती म्हणाली. "सुकी आसा. लांबसून पँट दिसता."

"लांबसून."

"मगे जवळ जाव नको कोणाच्या."

आजो मागून आला होता. "माझी चड्डी फाडलंस गो?"

"जुनी होती, मामांनू."

"जुनी तीच बरी होती."

मी आत जाऊन बदलली. ठिगळ बरोबर मागे, बसायच्या जागी. बेतूलला याच्यावरून काय नाव पडेल ते मला आत्ताच ऐकू येत होतं. बाहेर आलो, पिशवी उचलली. पाया पडायला वाकलो तर ती टोप घेऊन बाजूला झाली.

"परवा कौल झालो की सगळी घरात जातली," ती म्हणाली, माझ्याकडे न बघता. "मी पण जातलंय. पण ती पँट मी वलणीरसून काढूचंय नाय. सांगान ठेवतंय. तू येवन काढ."

"कुसतली ती."

"कुसांदे."

"आये, माझी एकच जीन्स आसा ती!"

"मगे लवकर ये."

एवढंच. मी रस्त्यावर आलो आणि मैलाच्या दगडावर बसलो. दगड तापलेला, ठिगळाच्या बाजूने जरा कमी लागतोय. हे मोबाईलवर लिहितोय कारण नुसतं बसवत नाही आणि मागे वळून बघायचं नाही असं ठरवलंय. विनीत लांबून हात हलवतोय, सोबत दोन केळ्यांची फणी दाखवतोय, खरी केळी, हरामखोर. आई दिसत नाही. वलण मात्र इथून पण दिसते, काजींच्या मधून, आणि तिच्यावर निळं काहीतरी, उलटं. मी काढली असती तर दोरी रिकामी झाली असती. तेवढं मला पाण्यात उभं असताना कळलं होतं. तिला सांगितलं नाही, सांगणार पण नाही. पण गाठी तिने घट्ट मारल्यात, पहिल्या पावसापर्यंत तरी

हॉर्न. मंगेश वळणावर आलाय, तो थांबत नाही कुणासाठी. मला जायला पाहिजे.